अंधाऱ्या खोलीतली दोन मिनिटं

प्रिय नीलू,

सहा महिने पत्र नाही, फोन नाही, आणि आता अडलं तेव्हा बरी आठवण झाली, असं म्हणशील. म्हण. खरंच आहे ते. तब्येत ठीक. कंबर अधूनमधून बोलते, सोड.

झालंय असं. माझ्या प्रयोगातल्या हॅमस्टरांना दहा आठवडे आठ तास उजेड, सोळा तास अंधार दिला. सकाळी सहाला दिवे लागतात, दुपारी दोनला विझतात. दिवस साडेबारा तासांच्या खाली गेला की हिवाळा आला समजून यांची वृषणं आक्रसतात, हे तुला मी काय सांगू! सोमवारी मोजायला घेतले. एकेकाला मुठीत उलटं धरून कॅलिपर लावत गेले आणि हातच गार पडले. सगळे भर उन्हाळ्यातल्यासारखे टुमटुमीत. एकही आक्रसलेला नाही.

आधी खाद्यावर संशय घेतला. बर्जर आणि नेगस मंडळींनी १९८१ मध्ये कोवळ्या गवतातलं ते एक द्रव्य देऊन भर हिवाळ्यात रानउंदरांची वीण सुरू केली होती ना, तेच डोक्यात. पण आमच्या कोरड्या गोळ्यांत कुठलं आलंय कोवळं गवत! मग सर म्हणाले, टायमर बिघडला असणार. टायमर लावतो अव्या. त्याला सगळ्यांसमोर बोलले. तो मान खाली घालून उभा. मीही उभी होते, आणि तिथेच मला लख्ख कळलं. तरी गप्प राहिले.

टायमर ठणठणीत आहे, नीलू. रात्री आत मी जात होते. हल्ली झोप येत नाही, म्हणून दहाच्या सुमाराला पाण्याच्या बाटल्या बघून यायचे. लाल टॉर्चचे सेल संपलेले, म्हणून मोबाइलचा पांढरा झोत. दोन मिनिटांनी काय होतंय, म्हणत जवळजवळ रोज. एकूण उजेड आठ तास दोन मिनिटं! पण ती दोन मिनिटं अंधाराच्या ऐन मध्यावर. आतलं घड्याळ उजेडाची चाहूल घेत असतं नेमक्या त्याच वेळी डोळ्यांवर झोत पडला, अंधारात पाझरणाऱ्या मेलाटोनिनची लांब रात्र मधेच तुटली. त्यांच्या लेखी दिवस मोठाच राहिला.

आठवतं, हॅमनरच्या फिंच पक्ष्यांवरून आपण तीन दिवस बोलत नव्हतो? १९६३ चा तो पेपर माझ्या टेबलावर आपटून तू ओरडलीस, "उजेड सहाच तास, बाकी सगळा अंधार, तरी छत्तीस तासांच्या चक्रात वृषणं वाढली, चोवीसच्या नाही, अठ्ठेचाळीसच्याही नाही! किती तास विचारू नकोस, केव्हा ते विचार." मी आपली अंधाराच्या तासांची बेरीज करत बसलेली. पटलं तेव्हाच होतं, कबूल केलं नाही. वर म्हणाले, पक्ष्यांच्या कवटीतून मेंदूपर्यंत उजेड पोचतो, तुझ्या कवटीतून माझं बोलणं पोचत नाही. ते वाक्य मला अजून आवडतं, माफ कर.

दहा आठवडे गेले तर गेले, पुन्हा सुरू करता येईल. पण अव्या? चूक माझी होती याचं त्याला काही वाटणार नाही, हसेल उलट. चार दिवस मी तोंड उघडलं नाही, ते लागेल त्याला. तू असतीस तर जागच्या जागी बोलून मोकळी झाली असतीस, आणि मग टायमर तिरका का लावतोस म्हणून त्याच्याशीच भांडली असतीस.

तुझ्या लाव्यांचं कसं चाललंय? काकूंचं मोतीबिंदूचं झालं ना? घराचं कळव.

उद्या आधी अव्याला गाठते, मग सरांना. टॉर्चचे सेल आणलेत.

तुझी,
माधवी