सामूहिक वनहक्क : अनुदान रोपांवर नको

संपादक महोदय,

सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलाचा वापर व सांभाळ करण्याचा कायदेशीर हक्क, मिळालेल्या गावांना जंगल सुधारायला अनुदान द्यावे, यावर आता फारसे दुमत नाही. प्रश्न आहे तो कशासाठी आणि केव्हा, हा. अंदाजपत्रके अजून ‘हेक्टरी इतकी रोपे’ याच हिशेबाने बनतात. गडचिरोली-गोंदियाच्या मिश्र जंगलात जिथे साग, धावडा, तेंदू, पळस यांची खुंटे जिवंत आहेत, तिथे नवे खड्डे कशाला? खुंटाला फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी जोमदार एक-दोन राखून बाकीचे बुडाशी छाटायचे आणि पुढची काही वर्षे गुरे व आग आवरायची, एवढे पुरते. यात फोटो काढण्याजोगे काही नाही, म्हणून बहुधा तरतूदही नसते!

जंगलात माजणाऱ्या घाणेरीच्या (लँटाना) झुडपांचे काम तर एका वर्षात होतच नाही. कोयत्याने वरवर छाटली की पावसात ती आणखी दाट फुटते. पावसाने माती सैल झाली की फळे पिकण्याआधी बुडाखाली तीन-चार सेंटिमीटरवर मूळ कुदळीने तोडून झुडूप उलटे टाकावे लागते. पुढचे दोन-तीन पावसाळे बियांची रोपे उपटावी लागतात आणि मोकळ्या जागेत स्थानिक गवत पेरावे लागते. एकाच वर्षाचा निधी म्हणजे घाणेरीचीच मशागत.

जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत साफ हव्यात. मार्चमध्ये मोहफुलांसाठी झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि तिथून आग पसरते. पैसे मार्चअखेर आले, तर ३१ तारखेच्या आत खर्च दाखवायला जेसीबीने चर खोदणे उरते. त्यात जिवंत मुळेच तुटतात.

२००६ च्या वनहक्क कायद्याने संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेला दिला. कॅम्पाचा (वनजमीन इतर कामांना दिल्याबद्दल जमा होणाऱ्या भरपाईचा) ९० टक्के निधी राज्याला मिळतो, पण तो वनविभागामार्फत खर्च होतो. त्यातला ठरावीक वाटा पाच वर्षांच्या आराखड्यावर, मे आणि डिसेंबर अशा दोन हप्त्यांत थेट ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समितीच्या खात्यात जावा. कोरचीच्या महाग्रामसभेसारखा गावांचा संघ असेल, तर आगराखे (आगीवर पाळत ठेवणारे) आणि हिशेबनीस सामाईक ठेवता येतील. हिशेबनिसाचा पगार मात्र अनुदानातच धरावा, कारण पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र रखडले की पुढचा हप्ताही अडकतो. मोजमाप रोपांच्या बिलांवर नको. दहा बाय दहा मीटरचे कायम खुणा केलेले चौकोन आखून दर डिसेंबरात गुडघ्यावर वाढलेले फुटवे मोजावेत. आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

— सामूहिक वनहक्क व्यवस्थापनात काम करणारे कार्यकर्ते, जि. गडचिरोली