यादीतून नाव काढताना मृतांच्या घरी कोणी विचारले का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सीरियाचे अध्यक्ष अहमद अल-शरा यांचे नाव सुरक्षा परिषदेने निर्बंधांच्या यादीतून काढले, त्याचे आपण कालच्या अग्रलेखात मोकळ्या मनाने स्वागत केले आहे. ते स्वागत मला झोंबले.

सीरियातल्या लोकांना पडलेली घरे उभी करायची आहेत, बँका चालू करायच्या आहेत, त्यांचा देश अशा यादीत अडकून पडू नये, हे मलाही समजते. पण जुलै २०१३ मध्ये अल-कायदाशी असलेल्या संबंधांमुळे घातलेले नाव ६ नोव्हेंबर २०२५ ला निघाले. १४ मते बाजूने, चीन तटस्थ. चार दिवसांनी हेच गृहस्थ व्हाइट हाउसमध्ये पाहुणे. आणि ‘जैश-ए-मोहम्मद’चा म्होरक्या मसूद अझहर? त्याचे नाव यादीत घालावे म्हणून भारत २००९ पासून दार ठोठावत होता. ते मे २०१९ मध्ये गेले. मधली सगळी वर्षे एकटा चीन ‘तांत्रिक स्थगिती’ म्हणत आडवा राहिला, कारण ही यादी सांभाळणाऱ्या परिषदेच्या निर्बंध समितीचा कारभार एकमताने चालतो. पठाणकोट होऊन गेले, पुलवामा होऊन गेले, तरी समितीचे एकमत होईना. अल-शरांच्या वेळी मात्र समितीतल्या एकमतासाठी कोणी थांबले नाही, परिषदेने थेट ठराव मतदानाला घेतला. इतकी घाई करता येते, हे आम्हाला दहा वर्षे कोणी सांगितले नव्हते.

आता मला जे खरे बोलायचे आहे ते. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर सोलापूरच्या गाडीची वाट पाहत होते. पुढचे मी लिहीत नाही, आपल्या वाचकांना ते ठाऊक आहे. हल्ल्याला दोन आठवडे होतात तोच, १० डिसेंबरला, ‘लष्कर-ए-तय्यबा’चे हाफिज सईद आणि झकीउर रहमान लखवी यांची नावे संयुक्त राष्ट्रांच्या यादीत गेली. तेव्हा माझ्या वडिलांनी वर्तमानपत्रातली ती बातमी कापून कपाटात ठेवली होती. जगाने दखल घेतली, असे त्यांना वाटले. मलाही वाटले.

ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानच्या विनंतीवरून याच समितीने हाफिज सईदला गोठवलेल्या खात्यातून दरमहा दीड लाख पाकिस्तानी रुपये काढायची परवानगी दिली. कारण दिले होते कुटुंबाच्या मूलभूत गरजांचे. लाहोरच्या अभियांत्रिकी विद्यापीठात तो शिकवत असे, त्याचे निवृत्तिवेतन त्या खात्यात येत होते. आणि परवानगी मिळाली कशी? दिलेल्या मुदतीत एकाही सदस्याने हरकत घेतली नाही म्हणून. पंधरा देश गप्प बसले आणि काम झाले. भारत तेव्हा परिषदेवर नव्हता. पण अमेरिका होती, ब्रिटन होता, फ्रान्स होता. त्या रात्री मुंबईत अमेरिकेचेही नागरिक मारले गेले होते. तरी त्यांच्या प्रतिनिधीला एका ओळीची हरकत लिहावीशी वाटली नाही.

त्याच वर्षी माझ्या बहिणीचे कुटुंब निवृत्तिवेतन अडकले होते. हयातीच्या दाखल्यासाठी तिच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटेनात. घरकाम करून झिजलेली बोटे ती. संबंधित कार्यालयातल्या माणसाने ‘सिस्टीम घेत नाही, पुढच्या आठवड्यात या’ असे सांगितले, आणि तो पुढचा आठवडा काही महिने चालला. ती समोर उभी असताना ती जिवंत असल्याचा पुरावा मागत होते. तिने सईदची बातमी वाचली आणि मला फोन करून एवढेच विचारले, ‘दादा, त्याचे पैसे अडले तर त्याचे सरकार न्यूयॉर्कला पत्र लिहिते. माझ्यासाठी कोण लिहिणार?’ मला आजवर उत्तर देता आलेले नाही.

पुढच्या वर्षी डिसेंबरात लखवीलाही तेवढीच रक्कम मंजूर झाली. त्याचा तर तपशीलच प्रसिद्ध झाला होता : जेवणाखाणासाठी ५० हजार, औषधांना ४५ हजार, वीज-पाण्यासारख्या बिलांना २० हजार, वकिलाला २० हजार, प्रवासाला १५ हजार. सीएसटीवर माणसे मारायला पोरे पाठवणाऱ्याच्या औषधांचा हिशेब जगाने इतक्या आस्थेने केला.

यादीतून नाव काढण्याची सोयच नसावी, असे मी म्हणत नाही. चुकीने नावे जातात, माणसांची आयुष्ये गोठतात, युरोपच्या न्यायालयांनी त्यावर संयुक्त राष्ट्रांना धारेवर धरले होते. म्हणून २००९ मध्ये असे अर्ज तपासणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या लोकपालाचे पद निर्माण झाले ते योग्यच झाले. याच वाटेने सईदने २०१७ मध्ये नाव काढण्यासाठी अर्ज केला आणि मार्च २०१९ मध्ये तो फेटाळला गेला. भारताने पुरावे दिले, ते पाहिले गेले, निर्णय झाला. हे काम ज्या अधिकाऱ्यांनी केले त्यांचे नाव कोणी घेत नाही, मी त्यांचे मनापासून आभार मानतो. पण त्या साऱ्या व्यवस्थेत अर्जदाराला बाजू मांडता येते, देशांना मांडता येते, मृतांच्या घरच्यांना मात्र कोणी विचारत नाही. नाव काढले, सवलत दिली, हे आम्हाला वर्तमानपत्रातूनच कळायचे.

आपले सरकारही यातून सुटत नाही. गेल्या महिन्यात तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्ताकी दिल्लीत येऊन गेले. तेही संयुक्त राष्ट्रांच्या यादीत आहेत, प्रवासबंदीतून खास सवलत घेऊन आले. काबूलशी बोलावे लागते, मान्य. पण ७ जुलै २००८ ला काबूलच्या आपल्या दूतावासावर झालेल्या हल्ल्यात ब्रिगेडियर रवि दत्त मेहता आणि व्ही. वेंकटेश्वर राव गेले, आणि ज्या हक्कानी गटावर त्याचा ठपका आहे त्याचा म्होरक्या आज त्याच राजवटीचा गृहमंत्री आहे. यंदा मार्चमध्ये अमेरिकेने त्याच्यावरचे १ कोटी डॉलरचे इनामही मागे घेतले. मुत्ताकींसमोर हा विषय निघाला का, हे आपल्या वार्ताहराने विचारायला हवे होते. त्याऐवजी दूतावास पुन्हा सुरू होणार याचीच बातमी रंगवून आली.

परराष्ट्र मंत्रालयाकडे माझी मागणी एवढीच आहे : २६/११ शी संबंधित कोणत्याही नावाबाबत समितीपुढे अर्ज आला, मग तो नाव काढण्याचा असो वा पैशांच्या सवलतीचा, तर तो मुंबईतल्या कुटुंबांना कळवावा आणि त्यांचे लेखी म्हणणे समितीच्या सदस्यांपर्यंत पोहोचवावे. भारत परिषदेवर असो वा नसो. त्यासाठी कोणत्याही ठरावाची गरज नाही.

जाता जाता, आपल्याच पानाबद्दल. अग्रलेखाशेजारच्या चौकटीत ‘टीआरएफ’ला, म्हणजे ‘लष्कर’चीच आघाडी मानल्या जाणाऱ्या ‘द रेझिस्टन्स फ्रंट’ला, संयुक्त राष्ट्रांनी दहशतवादी ठरवल्याचे छापले आहे. तसे ठरवले ते जुलैमध्ये अमेरिकेने, तिच्या स्वतःच्या यादीत. सुरक्षा परिषदेने तर पहलगामनंतरच्या निवेदनात त्या संघटनेचे नावसुद्धा घेतले नव्हते, आणि ते वगळायला लावल्याचे पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यांच्या संसदेत सांगितले. पहलगाममध्ये गेलेल्या २६ जणांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलची सहा माणसे होती. त्यांच्या घरी आपला अंक जात असेल. कृपया दुरुस्ती छापावी, आणि ती पहिल्या पानावर छापावी.

कळावे,
आपला जुना वाचक,
कल्याण