शनिवारी लिनोकट प्रोजेक्ट जमा करायचेत!

मंडळी, शनिवारी सकाळी 10 ला आर्ट रूममध्ये सगळ्यांनी प्रोजेक्ट आणायचेत, मागच्या तासाला गैरहजर होते त्यांनीसुद्धा.

- एकाच ब्लॉकच्या (म्हणजे कोरलेल्या लिनोलियमच्या तुकड्याच्या) 3 प्रिंट. खाली पेन्सिलनेच 1/3, 2/3, 3/3 टाका, उजवीकडे सही.
- अक्षरं असतील तर ब्लॉकवर उलटी कोरा, छापल्यावर ती सुलट येतात. मी गेल्या वेळी तीन तास कोरून स्वतःचंच नाव उलटं छापून बसले होते, हसू नका!
- ऑइल इंकवाल्यांनी बुधवारपर्यंत छापून टाका, वाळायला काही दिवस लागतात आणि ओल्या प्रिंट एकमेकींना चिकटल्या की मग रडत बसाल.
- कोरताना दुसरा हात कायम पात्याच्या मागे.
- स्केचबुकपण आणा. फसलेली पानं फाडू नका हां, सर तीच आधी बघतात.