शाळेत तालीम करणारा वाद्यवृंद: ब्रेमेनहून आई-बाबांना पत्र

ब्रेमेन, रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईचं पार्सल मिळालं. भाजणी आणि मेतकूट दोन्ही नीट पोचलं, लोणच्याच्या बरणीलाही काही झालेलं नाही.

परवा फोनवर बाबांनी इथल्या वाद्यवृंदाबद्दल जे विचारलं त्याचं उत्तर मला तेव्हा धड देता आलं नाही. "एवढी जगभर नावाजलेली मंडळी, मग शाळेत कशाला तालमी करतात? ब्रेमेनमध्ये हॉल मिळेना का?" हा विषय ट्राममध्ये उभ्या उभ्या बोलण्याचा नाही, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. त्यातून तुम्हा दोघांकडे एक मागणंही आहे, तेही सांगते.

हॉल आहे, बाबा. तुम्ही इथे आला होतात तेव्हा आईने त्या चार प्राण्यांच्या पुतळ्यातल्या गाढवाचे पुढचे पाय दोन्ही हातांनी धरून काहीतरी मागितलं होतं, आठवतं? तिथून कॅथेड्रलकडे चालत गेलं की शेजारीच 'ग्लोके' आहे. 1928 मध्ये उघडलेलं सभागृह, आवाजासाठी नावाजलेलं. मैफली तिथेच होतात. पण मैफल वेगळी आणि रोजची तालीम वेगळी, हे पेटी वाजवणाऱ्या माणसाला मी काय सांगणार!

या वाद्यवृंदाचं पूर्ण नाव 'डॉइचे कामरफिलहार्मोनी ब्रेमेन'. चाळीसेक वादक. मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात शंभराच्या आसपास माणसं असतात, इथे निम्म्याहूनही कमी. त्यामुळे कुणालाच कुणाच्या आवाजाआड लपता येत नाही, शेवटच्या खुर्चीवरच्या व्हायोलिनचाही सूर वेगळा कळतो. 1980 मध्ये संगीत शिकणाऱ्या तरुण मुलामुलींनी हा वाद्यवृंद काढला, तोही इथे नव्हे, फ्रँकफुर्टला. त्यांना वर साहेब नको होता. काय वाजवायचं, कुणाबरोबर वाजवायचं, हे सगळ्यांनी बसून, वाद घालून, मतं घेऊन ठरवायचं. आजही वादकच या संस्थेचे भागीदार आहेत आणि तोट्याची झळही त्यांनाच लागते. बाबांनी सगळी नोकरी सहकारी बँकेत काढली, तेव्हा दर सभेला हात वर करून कारभार चालवणं किती जिकिरीचं असतं ते त्यांना वेगळं सांगायला नको. चाळीस वर्षांहून अधिक काळ हे टिकलं याचं मला खरंच फार कौतुक वाटतं, कदाचित त्यांच्या वाजवण्यापेक्षाही जास्त.

1992 मध्ये ते ब्रेमेनला आले. तेव्हा हे शहर काही सुखात नव्हतं. इथली जहाजबांधणी मोडकळीला आली होती. 'आ. गे. वेझर' हा मोठा कारखाना 1983 अखेर बंद झाला आणि 'ब्रेमर फुल्कान' 1997 मध्ये. गिरण्या गेल्यावर लालबाग-परळचं जे झालं, तेच इथल्या ग्रोपेलिंगेन भागाचं झालं. ब्रेमेन हे जर्मनीतलं सगळ्यात लहान राज्य. कर्जाचा बोजा मोठा, बेकारीही देशात सगळ्यात जास्त असलेल्या राज्यांत याची गणना. अशा गावाने एक वाद्यवृंद आपला मानला आणि वाद्यवृंदानेही गाव आपलं मानलं.

नाव झालं ते पुढे. पावो यार्वी हा एस्टोनियन संगीत-संचालक (समोर उभं राहून हातवाऱ्यांनी वादन चालवणारा) 2004 पासून त्यांच्याबरोबर आहे. बेथोवनच्या नऊ सिंफनींवर त्यांनी कित्येक वर्षं काम केलं. त्या काळासारखे विनाकळांचे ट्रम्पेट, लहान टिंपनी (आपल्या नगाऱ्यासारखी), त्यावर कडक काठ्या. त्या ध्वनिमुद्रणांनी जगभर कौतुक मिळवलं आणि 2009 मध्ये साल्झबुर्गच्या महोत्सवात त्यांनी नऊच्या नऊ वाजवल्या. बाबांना मी पाचवीची लिंक पाठवली होती, त्यावर "फार धावतात" एवढंच उत्तर आलं होतं! पुन्हा एकदा ऐका, शांतपणे, हेडफोन लावून.

आता शाळेची गोष्ट.

शहराच्या पूर्वेला ओस्टरहोल्झ-टेनेव्हर म्हणून वस्ती आहे. 1970 च्या दशकात तिथे उंचच उंच इमारती बांधल्या, हजारो घरं. पुढे ज्यांना जमलं ते सोडून गेले, मागे राहिले ते ज्यांना दुसरीकडे घर परवडत नव्हतं. नंतर बाहेरून आलेली माणसं येत गेली. नव्वदच्या आसपास देशांचे लोक तिथे राहतात असं सांगतात. 2004 नंतर शेकडो घरं पाडून वस्ती मोकळी केली, उरलेल्या इमारती दुरुस्त केल्या. तरी ब्रेमेनमध्ये टेनेव्हरचं नाव घेतलं की अजूनही लोकांचा चेहरा बदलतो. मी नवीन होते तेव्हा ऑफिसातल्या एकीने मला तिथे घर बघू नकोस असं आवर्जून सांगितलं होतं.

त्याच भागात 'गेझाम्टशूल ब्रेमेन-ओस्ट' ही मोठी सरकारी शाळा आहे. वाद्यवृंदाला तालमीची जागा हवी होती आणि शाळेच्या इमारतीचं नूतनीकरण चाललं होतं. दोन गरजा जुळल्या. शाळेत तालमीचा हॉल असा तयार केला की तिथे चांगलं ध्वनिमुद्रणही करता यावं, आणि 2007 मध्ये हे सगळे तिथे राहायलाच गेले म्हणा ना. म्हणजे मुलांसाठी म्हणून आखलेला कार्यक्रम आधी नव्हता, आधी होती जागेची नड. मला यातलं हेच आवडतं. उपकाराची भाषा नव्हती. दोघं एकमेकांचे शेजारी झाले आणि बाकी सगळं शेजारातून आलं.

मधल्या सुट्टीत वादक त्याच कँटीनमध्ये मुलांबरोबर रांगेत उभे राहून जेवण घेतात. मुलं तालमीला येऊन बसतात, तीही समोरच्या खुर्च्यांवर नव्हे, थेट वादकांच्या मधोमध. तालीम खुली होती तेव्हा मी एकदा गेले होते. आमच्याच मजल्यावरचा सातवीतला मुलगा दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत खुर्ची टाकून बसला होता. ओबोने सूर दिला, सगळ्यांनी तो लावून घेतला (बाबा, आपला सा जुळवताना खोलीत जी शांतता होते तीच), आणि वाजवणं सुरू झालं. अर्ध्या मिनिटात संचालकांनी थांबवलं. पुन्हा तीच ओळ. पुन्हा थांबवलं. व्हायोलिनवाल्या बाईंनी शिसपेन्सिल काढून कागदावर खूण केली. मुलाने मान पुढे करून बघितलं, तर त्यांनी हळूच गज हातात धरून दाखवलं, की दरवाजाच्या चौकटीसारखी खूण असेल तिथे गज खाली ओढायचा आणि इंग्रजी व्ही असेल तिथे वर ढकलायचा. नंतर तो मुलगा संगीताकडे कमी आणि त्या खुणांकडे जास्त बघत होता. प्रत्येक चौकटीला त्याची मान खाली जायची आणि प्रत्येक व्हीला वर. चार-पाच वेळा तीच ओळ झाली, शेवटी जमली, तेव्हा बाईंनी त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या आणि तो असा हसला की जणू त्यानेच वाजवलं.

मैफलीत फक्त जमलेलं ऐकू येतं. तालमीत मुलांना दिसतं की इतकी मोठी माणसंसुद्धा अडतात, थांबतात, न चिडता तेच परत करतात. ज्या पोरांना घरीदारी 'तुला जमणार नाही' हेच ऐकायची सवय आहे, त्यांनी हे जवळून पाहणं फार मोलाचं आहे. आई, तू तीस वर्षं वर्गात हेच सांगत आलीस ना, की फळ्यावर बाईंनी गणित पुसून पुन्हा मांडलं की मुलांची भीती जाते?

शाळेबरोबर त्यांनी जे उभं केलं त्याला 'त्सुकुन्फ्ट्सलाबोर' म्हणतात, भविष्याची प्रयोगशाळा. त्यातले दोन उपक्रम सांगते. एकात मुलं स्वतःची गाणी लिहितात. मार्क शायबे नावाचा गायक-संगीतकार मुलांशी बोलत बसतो आणि त्यांच्या डोक्यात जे घोळतंय, आजीचं आजारपण, मागे राहिलेलं गाव, आवडणारी मुलगी, त्यातून ओळी आणि चाल निघते. मग त्या गाण्याला पूर्ण वाद्यवृंदाची साथ लिहिली जाते आणि मूल रंगमंचावर उभं राहून गातं, मागे हेच सगळे वादक. सगळ्यांचे आवाज सुरेल नसतात. साथ मात्र बेथोवनला करतात त्याच इमानाने करतात.

दुसरा म्हणजे वस्तीचा ऑपेरा. मोकळ्या जागेत मोठा तंबू ठोकतात आणि शेकडो माणसं त्यात उतरतात. शाळेतली मुलं, त्यांचे आईबाप, वस्तीतली मंडळं, वादक. महिनोन्‌महिने तयारी चालते. मी गाण्याच्या वाटेला गेले नाही, पण शिवणकामाला जात होते. आई, तू शिकवलेली काजं तिथे कामाला आली. माझ्या शेजारी सीरियाहून आलेल्या एक बाई बसायच्या, त्यांचा पेशाच शिवणकामाचा होता. त्यांनी माझं काज उलटं करून मागची बाजू तपासली, अगदी तू तपासायचीस तशी, आणि मग पुढचे सगळे अंगरखे माझ्याकडे सरकवले. प्रयोगाच्या रात्री तंबूत मांडीला मांडी लावून लोक बसले होते. टेनेव्हरचं नाव घेतल्यावर तोंड फिरवणारे कितीतरी शहरवासी त्या रात्री तिकीट काढून टेनेव्हरला आले होते.

उन्हाळ्यात उत्तरेकडच्या क्नूप्स पार्कमध्ये त्यांचा उघड्यावरचा महोत्सव असतो, 'झोमर इन लेस्मोना'. गवतावर चादरी, डबे, टोप्या, म्हातारेकोतारे, बाळं. तुम्ही पुढच्या वेळी उन्हाळ्यातच या म्हणजे सवाईसारखं सतरंजीवर बसून ऐकता येईल, आणि बाबांचा गुडघा कुरकुरला तर खुर्ची मी नेईन.

आईसाठी आणखी एक. ब्राम्स या जर्मन संगीतकाराच्या 'जर्मन रेक्विएम'चा, म्हणजे गेलेल्यांच्या आठवणीतल्या गायन-वादनाच्या रचनेचा, पहिला मोठा प्रयोग याच गावच्या कॅथेड्रलमध्ये 10 एप्रिल 1868 ला, गुड फ्रायडेला झाला होता. 1865 मध्ये ब्राम्सची आई गेली होती. 2018 मध्ये दीडशे वर्षं झाली तेव्हा कामरफिलहार्मोनीने त्याच कॅथेड्रलमध्ये ते पुन्हा वाजवलं, त्याचं चित्रीकरण आहे. ब्राम्सने पाचवा भाग नंतर जोडला. त्यात बायबलमधली ओळ येते, की आई जशी लेकराचं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. आजी गेल्यावर तू महिनाभर रेडिओ लावला नव्हतास. हा भाग तू ऐकावास असं मला मनापासून वाटतं.

आता माझं मागणं. बाबा, तुम्ही म्हणालात की तुमच्या भजनी मंडळात आता नवं कुणी येत नाही, पखवाजाला माणूस नाही, आणि गणपतीत महापालिकेच्या शाळेत जाऊन मुलांपुढे एक कार्यक्रम करावा असं घाटतंय. कार्यक्रम जरूर करा. पण त्याऐवजी, किंवा त्याआधी, तुमची गुरुवारची तालीमच शाळेच्या हॉलमध्ये न्या ना. शाळा सुटायच्या आधी तासभर. मुलांना समोर बसवू नका, मधे बसवा. एकाला टाळ द्या, एकाला पेटीच्या भात्यापाशी बसवा. अभंगाची चाल अडली की त्यांच्यासमोरच अडू दे, तुमचं आणि जोशीकाकांचं लयीवरून जे नेहमीचं वाजतं तेही त्यांना ऐकू दे. तुम्ही म्हणाल पोरं गोंधळ घालतील. घालतील थोडे दिवस. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मेस्त्री लोकांनी (तिथे संगीताच्या गुरुजींना मेस्त्री म्हणत) पोरांना असंच व्हायोलिन शिकवलं आणि तुम्ही ज्या जुन्या हिंदी गाण्यांवर जीव टाकता त्यातले कितीतरी व्हायोलिनवाले तिथूनच मुंबईला आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस घ्या, प्यारेलालजी त्यांच्याकडे शिकले.

आई, मुख्याध्यापिकाबाईंशी तूच बोल, तुझी ओळख आहे आणि शाळेची भाषा तुला येते. अर्ज लागेल, तो आधीच करून ठेव. पेटी रिक्षातून नेण्याऐवजी शाळेत एक कपाट मिळतं का तेही विचार. पखवाजाला शाई लावून घ्यायची असेल तर खर्च मी पाठवते.

औंधात ब्रेमेन चौक आहे आणि पुणे-ब्रेमेनची मैत्री चाळीस वर्षांहून जुनी आहे. तुम्ही दोघं रोज भाजीला त्याच चौकातून जाता, तेव्हा मला इथून हे लिहायचा तेवढा हक्क आहे असं समजते.

बाबांच्या बी-ट्वेल्व्हचा रिपोर्ट आला की फोटो पाठवा. मुख्याध्यापिकाबाई काय म्हणाल्या ते शनिवारी फोनवर सांगा, मी तुमच्या संध्याकाळी करते.

तुमची
लेक