युनिव्हर्सल सीटॅग्ज सांभाळणाऱ्यांना आभाराचं पत्र

युनिव्हर्सल सीटॅग्जची देखभाल करणाऱ्या मंडळींना,

स. न. वि. वि.

कोणत्या फंक्शनची व्याख्या कुठे आहे याची 'टॅग्ज' नावाची सूची-फाईल कोड वाचून बनवणारं जुनं साधन म्हणजे एक्झुबरंट सीटॅग्ज. त्याची ५.८ ही आवृत्ती २००९ मध्ये आली आणि गाडी तिथेच थांबली. गो किंवा रस्ट या भाषांमधलं फंक्शन तिला ओळखताच येत नाही. ते काम तुम्ही पुढे नेलंत, त्याबद्दल हे पत्र.

विम या टेक्स्ट एडिटरकडे एका फंक्शनवरून मागच्या-पुढच्या फंक्शनवर उडी मारायला [[ आणि ]] ही जोडी आहेच. पण ती ओळीच्या अगदी पहिल्या रकान्यातला { हा कंस शोधते. कंस फंक्शनच्या नावाच्याच ओळीत शेवटी लिहिला असेल, तर ती थेट फाईलच्या टोकाला नेऊन सोडते. शिवाय दुसऱ्या फाईलमध्ये जाणं तिच्या हातात नाही.

तुमचं काम सुरू होतं ते इथे. प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये 'सीटॅग्ज -आर' (हा आर कॅपिटल) चालवायचं, कर्सर नावावर ठेवून कंट्रोल आणि ] दाबायचं, परत यायला कंट्रोल-टी. आतल्या फोल्डरमधून टॅग सापडत नसेल, तर विमच्या टॅग्ज सेटिंगमध्ये './टॅग्ज' पुढे अर्धविराम टाकायचा, म्हणजे विम एकेक पायरी वर चढत फाईल शोधतो.

सगळ्यात जास्त आभार टॅग्ज फाईलमधल्या एका ओळीचे. नाव, फाईल आणि तिसऱ्या जागी ओळीचा क्रमांक नाही, तर व्याख्येची अख्खी ओळच शोधायला दिलेली. म्हणून वर पन्नास ओळी घुसडल्या तरी उडी चुकत नाही. फंक्शनचा एखादा पॅरामीटर बदलला की मात्र ती ओळ जुळत नाही. मग विम नावावरून अंदाज बांधतो आणि 'नुसता अंदाज आहे' असं ई४३५ या संदेशात कबूलही करतो. तो इशारा दिसला की टॅग्ज नव्याने बनवायचे. दोन टॅग्ज फाईली हाताने एकमेकींना जोडायच्या मात्र नाहीत. नावांचा क्रम बिघडतो आणि फाईल क्रमाने लावलेली नाही असं सांगणारा ई४३२ समोर उभा राहतो.

सी भाषेत नुसत्या प्रोटोटाइपची (म्हणजे आतला कोड नसलेल्या, फंक्शनच्या नुसत्या घोषणेची) नोंद तुम्ही मुळात बंद ठेवली आहे, हेही शहाणपणाचंच. नाहीतर दर वेळी हेडर फाईलमध्ये जाऊन आदळलो असतो. एकाच नावाची चार स्टॅटिक (आपापल्या फाईलपुरती) फंक्शन्स असली, तर जी दाबून मग कंट्रोल-], विम यादी पुढे ठेवतो.

रिटर्न टाइप आणि नाव यांच्यामध्ये एखादा मॅक्रो (कंपाइल होण्याआधी दुसऱ्या मजकुरात बदलणारं नाव) आला की कोड वाचणारा तुमचा पार्सर गोंधळू शकतो. तिथे -आय (हाही कॅपिटल) देऊन त्या मॅक्रोचं नाव सांगितलं की बहुतेक वेळा निभावतं. लँग्वेज सर्व्हर, म्हणजे एडिटरला कोडचा अर्थ पुरवणारा वेगळा प्रोग्रॅम, अर्थ जास्त नेमका लावतो, हे मान्य. पण त्याला बहुधा बिल्डची, म्हणजे कोड कसा कंपाइल होतो याची, माहिती पुरवावी लागते. तुमचं साधन कंपाइल न होणाऱ्या, अर्धवट कोडवरही चालतं, आणि परका कोड पहिल्यांदा उघडतो तेव्हा तो बहुतेकदा त्याच अवस्थेत असतो.

आपले,
दिवसभर कंट्रोल-] दाबणारे