भुऱ्याच्या शूकडे आधी बघ

प्रिय निखिल,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. तुझ्या कुत्र्याच्या पिल्लाचे, भुऱ्याचे जुलाब, दोन उलट्या हे सगळं सविस्तर लिहिलंस आणि अगदी शेवटी, जाता जाता, 'शू जरा गडद वाटतेय, पण ते काही नसेल ना?' मी तिथूनच सुरुवात करते.

जुलाब पुसावे लागतात म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहतात. शूकडे कोण बघतंय! पण पिल्लाच्या अंगातलं पाणी उतरलं की ती गडद आणि कमी होते. त्याच्या हिरड्यांना बोट लावून बघ. ओल्या, बुळबुळीत लागल्या तर ठीक. चिकट लागल्या तर पाणी कमी झालंय. हिरडी दाबून सोड, पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. मानेची कातडी चिमटीत धरून बघायला तुला कोणीतरी सांगेलच, पण पिल्लांची कातडी मुळातच लवचीक असते, तिच्यावर विसंबू नकोस.

पाणी थोडं थोडं, सारखं दे. एकदम वाटीभर प्याला तर उलटून पडेल. आणि उपास नको. मोठ्या कुत्र्याला काही तासांचं लंघन चालून जातं. एवढ्याशा पिल्लाची साखर उतरते, ते लटपटायला लागतं, झटकेही येतात. उलटी थांबली असेल तर मऊ भात आणि बिनहाडाचं उकडलेलं चिकन, बिनमिठाचं, दोन-दोन घास. दूध नको.

तुझ्या औषधांच्या डब्यातलं काहीही त्याला देऊ नकोस. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. जुलाब थांबवायची आपली गोळीसुद्धा काही जातींना, विशेषतः कॉलीसारख्यांना, बाधते.

आता नीट आठव, गेल्या चार-पाच दिवसांत त्याने काय तोंडात घातलं? कचऱ्याचा डबा उपसला होता का? कांदा-लसूण पोटात गेला तर आधी पोट बिघडतं आणि काही दिवसांनी तांबड्या पेशी फुटून शू तांबूस-तपकिरी होते. द्राक्षं किंवा मनुका खाल्ल्या असतील तर उलट्यांनंतर मूत्रपिंडं थकतात, शू कमी होत जाते, थांबतेही. अंगावर गोचीड होती का? तिच्यामुळे होणाऱ्या तापातही शू गडद होते. उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोमध्ये (लेप्टोस्पायरोसिस) डोळे-हिरड्या पिवळ्या पडू शकतात आणि तो आजार माणसालाही लागतो, म्हणून फरशी पुसताना हातमोजे घाल. थेंब थेंब, पुन्हा पुन्हा, कण्हत शू करत असेल तर ती वेगळी गोष्ट, तो बहुधा मूत्रमार्गाचा संसर्ग. जोर लावूनही काहीच येत नसेल तर मात्र एक मिनिट थांबू नकोस.

त्याच्या लशींचे डोस अजून पुरे झालेले नाहीत, म्हणून मला पार्व्होची, पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या त्या विषाणूची, धास्ती आहे. जुलाबात रक्त, घाण वास, न थांबणारी उलटी, मलूल पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी मध्यरात्री असलं तरी उचलून ने. नाही दिसलं तरी आज दुपारपर्यंत डॉक्टरांना दाखवच. 'बघू उद्या' हे मोठ्या कुत्र्यापुरतं ठीक आहे.

जाताना शीचा नमुना घे. जंत, जिआर्डियासारखे आतड्यातले परजीवी त्यातच सापडतात. शूसाठी पसरट, स्वच्छ वाटी त्याच्या मागच्या बाजूने हळूच सरकव, पहिले थेंब जाऊ दे. डबीत झाकून फ्रीजमध्ये ठेव आणि काही तासांतच पोचव. शेवटची शू कधी केली, किती आणि कुठल्या रंगाची, हे कागदावर लिहून ने, तिथे आठवत नाही. जंतांचं औषध कधी दिलं तेही लिही.

वजन करतील तेव्हा आकडा विचारून ठेव आणि मागच्या वेळच्या कार्डाशी ताडून बघ, मग मला फोन कर. मी मोबाईल जवळच ठेवलाय.

तुझी,
आई