‘स्वतः जेवतो’ म्हणून मदत कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रौढ दिव्यांग व्यक्तीला मदतनीस किती तास द्यायचा, हे ठरवताना ‘स्वतः जेवू शकतो का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रेडर-विली सिंड्रोम (भूक कधीच न शमणारा जन्मजात जनुकीय विकार) असलेल्या व्यक्तीला इथे पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि घोळ तिथेच होतो. ती स्वतः जेवते, कपडे घालते, छान गप्पा मारते. मग तास कापले जातात. तिला मदत लागते ती खाणे थांबवायला, आणि ते कुणी विचारतच नाही.

हा विकार १५व्या गुणसूत्राचा. बहुतेकांत वडिलांकडून आलेल्या प्रतीचा एक भाग गळालेला असतो. काहींत दोन्ही प्रती आईकडूनच आलेल्या असतात. पोट भरल्याची जाणीव होत नाही, भूक शमत नाही. त्यात स्नायू कमी असल्याने शरीराला उष्मांक लागतात इतरांच्या साधारण ६० ते ८० टक्केच. अशा माणसाला ‘मनावर ताबा ठेव’ म्हणणे व्यर्थ आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत या भुकेवर एका औषधाला मान्यता मिळाली, पण त्याने देखरेख संपत नाही.

देखरेख म्हणजे नेमके काय? स्वयंपाकघर, फ्रीज आणि कचऱ्याचा डबासुद्धा कुलपात. कचरापेटी हमखास विसरली जाते. सुटे पैसे, मोबाइलवरून खाणे मागवण्याची सोय, मदतनिसाची स्वतःची डब्याची पिशवी, कामाच्या ठिकाणचे सहकाऱ्यांचे खण, या सगळ्या फटी बुजवाव्या लागतात. जेवणाच्या वेळा आणि पदार्थ लिहून भिंतीवर लावावेत. बदल करायचाच असेल तर आधी सांगावा, आयत्या वेळी नव्हे. पुढचे जेवण कधी आणि काय, याची शंका उरली नाही की चिडचिड, तेच तेच प्रश्न, त्वचा खरवडणे बरेच कमी होते. उलट एखाद्या नव्या मदतनिसाने दया येऊन एकदा जरी जास्तीचे वाढले, तरी पुढे कितीतरी दिवस ‘आजही मिळेल का?’ ही घासाघीस चालते. दयाळू माणसे या कामात सर्वांत जास्त नुकसान करतात, हे कटू असले तरी खरे आहे.

वजन आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच काट्यावर घ्यावे. ते अचानक वाढले तर आधी कुठे फट राहिली ते शोधावे आणि पायांवर सूज आहे का तेही पाहावे.

जिवावर बेतते ते वेगळ्याच ठिकाणी. या व्यक्तींना उलटी सहसा होत नाही आणि वेदना फारशी जाणवत नाही. भरमसाट खाल्ल्यावर जठर ताणून त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, ते फाटूही शकते. तरी माणूस ‘थोडेसे दुखतेय’ एवढेच म्हणतो. म्हणून पोट फुगणे, उलटी होणे किंवा एरवी सतत भुकेल्या माणसाने ताट बाजूला सारणे, यांपैकी काहीही दिसले तर तडक रुग्णालय गाठावे. उलटी करवण्याचे औषध देऊ नये. ताप नाही म्हणून संसर्ग नाही, असेही धरू नये.

कुलूप म्हणजे कोंडणे नव्हे, पण प्रौढ माणसाला न विचारता लावले तर ते तसेच ठरते. त्याच्याशी बोलून, त्याची संमती लेखी घेऊन, ठरावीक मुदतीने फेरविचार करूनच ते लावावे. मात्र समजते म्हणजे भूक आवरते असे नाही. ताटासमोर नसताना त्याने दिलेली अचूक उत्तरे ऐकून क्षमता ठरवू नये.

तेव्हा मूल्यमापन करणाऱ्यांनी तीन प्रश्न जोडावेत: अन्नाजवळ एकटे सोडता येते का, पैसे हातात दिले तर काय होते, रात्री कोण जागे असते? उत्तरे रोज सोबत असणाऱ्यांकडूनही घ्यावीत. बालरोगतज्ज्ञांकडची फाइल वयाच्या १८व्या वर्षी बंद होते. त्याआधीच, निदान वर्षभर, हे काम सुरू व्हावे.

– प्रौढ दिव्यांगांच्या निवासी सेवेतील कार्यकर्ते